डब्याआधीचे इन्सुलिन

कॅलिफोर्नियात मधुमेह असलेल्या लहान मुलांचे आईवडील रोज सकाळी स्वयंपाकघरात उभे राहून मुलाला इन्सुलिन टोचतात. कधी आजी टोचते, कधी मोठी बहीण, कधी मूल सांभाळायला ठेवलेली बाई. यांच्यापैकी कोणाकडेच नर्सिंगचा परवाना नसतो आणि कोणी तो मागतही नाही. पण तेच मूल शाळेच्या फाटकातून आत गेले की तेच औषध, त्याच पेनने, तितकेच द्यायला परवानाधारक नर्स लागते का? या एका प्रश्नावर त्या राज्यात आठ वर्षे कोर्टकचेऱ्या झाल्या. मुलांचे पालक, परिचारिकांच्या संघटना आणि राज्याचे शिक्षण खाते असे तीन पक्ष त्यात उतरले. १२ ऑगस्ट २०१३ रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला आणि तिथला वाद कायद्यापुरता मिटला.

भारतात यावर अजून कोणी वाद घातलेला नाही. आपल्याकडे हे काम मुलाची आई करते, हे गृहीतच धरलेले असते.

मुळात हा आजार कसला, ते आधी पाहू. घरातल्या मोठ्या माणसांना चाळिशी-पन्नाशीत होणारा, गोळ्या आणि चालण्याने आटोक्यात राहणारा मधुमेह तो टाइप टू. मुलांमध्ये प्रामुख्याने दिसतो तो टाइप वन. यात शरीराची संरक्षणव्यवस्थाच स्वादुपिंडातल्या, इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशी नष्ट करते. गोड जास्त खाल्ल्याने हा होत नाही, आईने लाडावल्यानेही होत नाही. पथ्य पाळून तो जात नाही आणि गोळ्यांनी भागत नाही. बाहेरून इन्सुलिन द्यावेच लागते, रोज, आयुष्यभर. एकोणिसशे वीसच्या दशकापूर्वी असे मूल उपासमारीच्या पथ्यावर काही महिने, फार तर एखाददोन वर्षे जगे. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोच्या रुग्णालयात लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचले गेले. पहिला प्रयत्न फसला, कारण औषध पुरेसे शुद्ध नव्हते. बारा दिवसांनी पुन्हा टोचले, तेव्हा त्याची साखर उतरली. तो आणखी तेरा वर्षे जगला.

मूल जगले म्हणजे शाळेत जाणार. तरीही शाळेतल्या इन्सुलिनचा प्रश्न लगेच उभा राहिला नाही, त्याला आणखी सत्तर वर्षे लागली. यामागचे कारण औषधाच्या घडणीत आहे. १९५० च्या सुमारास बाजारात आलेले एनपीएच नावाचे इन्सुलिन हळूहळू उतरते. सकाळी घरी टोचले की दुपारच्या सुमारास त्याचा जोर वाढतो. त्यामुळे बहुतेक मुलांना सकाळी एक आणि संध्याकाळी एक अशी दोन इंजेक्शने पुरत. शाळेच्या वेळात सुईचा संबंधच येत नसे. जेवण मात्र त्या इन्सुलिनच्या वेळापत्रकानुसार घ्यावे लागे. भूक असो वा नसो, ठरलेल्या वेळी ठरलेले खायचे.

हे चित्र १९९३ मध्ये बदलले. अमेरिका आणि कॅनडात १,४४१ रुग्णांवर दहा वर्षे चाललेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष त्या वर्षी प्रसिद्ध झाले. डीसीसीटी या आद्याक्षरांनी तो ओळखला जातो. रक्तातली साखर दिवसभर शक्य तितकी सामान्य पातळीजवळ ठेवली, तर डोळ्यांच्या पडद्याचा विकार सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी होतो, हे त्यात सिद्ध झाले. मूत्रपिंड आणि नसांच्या बाबतीतही धोका निम्म्यावर किंवा त्याहून खाली आला. त्यासाठी दिवसातून तीन-चार किंवा अधिक वेळा इन्सुलिन घ्यायचे, नाहीतर पंप लावायचा. १९९६ मध्ये अमेरिकेत जलद उतरणारे लिस्प्रो इन्सुलिन आले आणि प्रत्येक जेवणाआधी, त्या जेवणापुरता डोस ही पद्धत रूढ झाली. त्यातले एक जेवण शाळेच्या डब्याचे असते. म्हणजे उपचार सुधारले आणि त्या सुधारणेनेच शाळेला दवाखान्याच्या कामात ओढले.

हे काम फक्त टोचण्याचे असते तर एवढा वाद झालाच नसता. दुपारच्या डोसमागे एक छोटे गणित असते. समजा डॉक्टरांनी एका मुलीला लिहून दिले आहे की दर १५ ग्रॅम कर्बोदकांमागे एक युनिट, आणि साखर १२० च्या वर असेल तर दर ६० मागे आणखी एक. मुलगी बोटाला टोचून साखर बघते : २४०. डब्यात ६० ग्रॅम कर्बोदके आहेत. खाण्याचे चार, उतरवण्याचे दोन, एकूण सहा युनिट. हिशेब चौथीतला आहे. पण मुलगी दुसरीत आहे. शिवाय तिने अर्धा डबा परत आणला, किंवा डब्यानंतर खेळाचा तास असला, तर तेच सहा युनिट जास्त होतात.

आणि जास्त झाले की हायपो. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की मूल घामाघूम होते, थरथरते, चिडचिड करते किंवा गप्प बसून राहते. वर्गातल्या बाईंना वाटते आज याचे लक्ष नाही. वेळीच ओळखले तर उपाय सोपा आहे : १५ ग्रॅम चटकन विरघळणारी साखर द्यायची, १५ मिनिटे थांबायचे, पुन्हा तपासायचे. तीन चमचे साखर पाण्यात घालून दिली तरी चालते. दुर्लक्ष झाले तर मूल बेशुद्ध पडू शकते, त्याला झटके येऊ शकतात. तेव्हा तोंडाने काही द्यायचे नसते, ग्लुकॅगॉन द्यायचे असते. हे इन्सुलिनच्या उलट काम करणारे औषध आधी पावडर-पाणी मिसळून टोचावे लागे. २०१९ पासून अमेरिकेत ते नाकात फवारण्याच्या स्वरूपातही मिळते.

कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने २००३ मध्ये एक कायदा केला. नर्स हजर नसेल तर शाळेतल्या प्रशिक्षित, स्वेच्छेने पुढे आलेल्या कर्मचाऱ्याने बेशुद्ध मुलाला ग्लुकॅगॉन द्यायला हरकत नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले. प्रशिक्षण नाकारणाऱ्या कर्मचाऱ्यावर कारवाई करता येणार नाही, हेही लिहिले. पण रोजच्या इन्सुलिनबद्दल तितके स्वच्छ शब्द त्यात नव्हते. आणीबाणीचे औषध कारकुनाने दिले तर चालेल, पण आणीबाणी येऊच नये म्हणून द्यायचे औषध त्याने द्यावे की नाही, याबाबत कायदा मुग्ध राहिला. पुढे परिचारिकांच्या वकिलांनी याच मौनावर बोट ठेवले. विधिमंडळाला इन्सुलिनची मुभा द्यायची असती तर तिथेच दिली असती, असे त्यांचे म्हणणे.

ऑक्टोबर २००५ मध्ये चार विद्यार्थ्यांचे पालक आणि अमेरिकन डायबिटीज असोसिएशन यांनी संघराज्य न्यायालयात दावा लावला. प्रतिवादी होते सॅन फ्रान्सिस्को परिसरातले दोन शाळा-जिल्हे आणि राज्याचे शिक्षण खाते. पालकांचा आधार होता १९७३ च्या पुनर्वसन कायद्यातले कलम ५०४. संघ सरकारचा पैसा घेणाऱ्या कोणत्याही संस्थेने अपंगत्वाच्या कारणावरून भेदभाव करू नये, असे ते कलम सांगते. मधुमेह हा त्या अर्थाने अपंगत्वात मोडतो, म्हणजे मुलाला शिकता यावे यासाठी लागणारी मदत शाळेने फुकट द्यायची. योगायोग असा, की या कलमाचे नियम सरकारने चार वर्षे रखडवले होते, तेव्हा एप्रिल १९७७ मध्ये अपंग कार्यकर्त्यांनी याच सॅन फ्रान्सिस्को शहरातल्या संघ सरकारच्या इमारतीत तीन आठवड्यांहून अधिक काळ ठिय्या दिला होता. जूडी ह्यूमन त्यांचे नेतृत्व करत होत्या. चाकाच्या खुर्चीतल्या माणसांनी मिळवलेला हक्क तीस वर्षांनी इन्सुलिन घेणाऱ्या मुलांच्या उपयोगी पडला.

कायदा बाजूने होता, पण टोचायला माणूसच नव्हता. कॅलिफोर्नियाच्या सरकारी शाळांत त्या सुमारास दर २,२०० विद्यार्थ्यांमागे एक नर्स होती. पूर्णवेळ नर्स असलेल्या शाळा फक्त ५ टक्के. ६९ टक्के शाळांत नर्स अर्धवेळ यायची, आणि २६ टक्के शाळांत नर्स नव्हतीच. अमेरिकेतल्या शालेय परिचारिकांच्या राष्ट्रीय संघटनेची त्या काळची शिफारस मात्र ७५० निरोगी मुलांमागे एक नर्स अशी होती. अर्धवेळ नर्स मंगळवारी आणि गुरुवारी येते म्हणून साखर काही मंगळवारी आणि गुरुवारीच वाढत नाही. मग उरलेल्या दिवशी शाळा पालकांना फोन करणार : तुम्ही या आणि टोचून जा. कॅलिफोर्नियात शाळेचे वर्ष साधारण १८० दिवसांचे असते. इतके दिवस दुपारी कामावरून उठून शाळेत जायला परवानगी देणारा मालक जगात कुठे असेल तो असो.

२००७ मध्ये दाव्यात तडजोड झाली. शिक्षण खात्याने एक कायदेशीर मार्गदर्शिका काढली आणि शाळेत इन्सुलिन कोण देऊ शकतो याच्या आठ पायऱ्या लावल्या. स्वतः विद्यार्थी. शाळेची नर्स किंवा डॉक्टर. शाळेतला दुसरा परवानाधारक कर्मचारी. कंत्राटी नर्स. पालक, त्यांची इच्छा असेल तर. पालकांनी नेमलेला, शाळेच्या नोकरीत नसलेला माणूस. आपत्तीच्या काळात प्रशिक्षित कर्मचारी. आणि आठवी पायरी : या सगळ्यांतले कोणी उपलब्ध नसेल तर, मुलाच्या डॉक्टरांच्या लेखी आदेशानुसार पुरेसे प्रशिक्षण घेतलेला, परवाना नसलेला, पण स्वेच्छेने तयार झालेला शाळेचा कर्मचारी.

भांडण जुंपले ते या आठव्या पायरीवरून. ही पायरी काढून सहाव्या पायरीकडे जरा निरखून पाहिले तर गंमत वाटते. आईने सांगितले तर शेजारच्या काकू शाळेत येऊन सुई टोचू शकतात, पण रोज त्या मुलीला ओळखणाऱ्या, फाटकापाशी तिची वाट बघणाऱ्या शाळेच्या कारकून बाई मात्र नाही. सूत्र असे की काकू घरचे काम म्हणून करतात आणि कारकून बाई पगारावर असतात.

अमेरिकन नर्सेस असोसिएशन, कॅलिफोर्नियाच्या शालेय परिचारिकांची संघटना आणि राज्यातली परिचारिकांची मोठी युनियन यांनी मार्गदर्शिकेच्या या भागाला आव्हान दिले. त्यांना सहज खलनायक करता येते आणि त्या काळी अनेकांनी केलेही. नोकऱ्या वाचवायला मुलांना वेठीला धरतात, असा आरोप झाला. तो अर्धवट आहे. राज्याचा नर्सिंग कायदा औषध देण्याचे काम परिचारिकेचे म्हणून मोजतो, आणि इन्सुलिन हे साधे औषध नाही. चुकले तर माणूस दगावू शकेल अशा औषधांची यादी रुग्णालये वेगळी ठेवतात, तिच्यात इन्सुलिन असते. रुग्णालयात काही ठिकाणी ते द्यायच्या आधी दोन नर्स डोस ताडून बघतात. मग शाळेत ते संगीताच्या सरांनी द्यायचे?

चूक किती सहज होते हे भारतातल्या पालकांना जास्त चांगले कळेल. आपल्याकडे इन्सुलिनच्या कुप्या दोन ताकदीत मिळतात : एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट आणि एका मिलिलिटरमध्ये १०० युनिट. सिरिंजही दोन, लाल टोपणाची चाळीसची आणि केशरी टोपणाची शंभरची. शंभरच्या कुपीतले औषध चाळीसच्या सिरिंजने भरले, तर खुणेपर्यंत भरूनही डोस अडीचपट जातो. चार युनिटचे दहा होतात. हे शिकवायला पाच मिनिटे पुरतात. पण ती पाच मिनिटे कोणी तरी द्यावी लागतात, आणि कोणी दिली होती हे लिहून ठेवावे लागते. परिचारिकांचा आग्रह मुळात यासाठी होता.

२००८ मध्ये सॅक्रमेंटोच्या न्यायालयाने परिचारिकांच्या बाजूने कौल दिला. २०१० मध्ये अपील न्यायालयाने तोच कायम केला. आठवी पायरी रद्द. पालकांच्या बाजूने डायबिटीज असोसिएशन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेली.

न्यायमूर्ती कॅथरिन वर्डेगर यांनी लिहिलेल्या निकालात भावनेला फारसा थारा नाही, तो जवळजवळ कोरडा आहे, आणि तिथेच त्याची ताकद आहे. राज्याच्या शिक्षण संहितेत पूर्वीपासून एक तरतूद होती : डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध, पालकांच्या लेखी संमतीने, शाळेची नर्स किंवा नेमून दिलेला दुसरा कर्मचारी देऊ शकतो. तिच्यात इन्सुलिनला वगळलेले नाही. नर्सिंग कायद्यातही एक पळवाट नव्हे, राजमार्गच होता. डॉक्टरांच्या आदेशाप्रमाणे काम करणाऱ्या माणसाला तो कायदा अडवत नाही, फक्त त्या माणसाने आपण नर्स आहोत असे भासवू नये. कारकून बाई आपण नर्स असल्याचे सांगत नाहीत. त्यांच्या हातात डॉक्टरांचा कागद असतो, त्यावर लिहिले आहे तेवढेच त्या करतात. २००३ च्या ग्लुकॅगॉनच्या कायद्यातून इन्सुलिनला बंदी आहे असे अनुमान काढता येत नाही, असेही न्यायालयाने ठरवले.

पण या निकालातली खरी हुशारी वेगळ्याच गोष्टीत आहे. अमुक मुलाला परवाना नसलेल्या माणसाने इन्सुलिन देणे सुरक्षित आहे का, हा निर्णय न्यायालयाने ना नर्सिंग मंडळाला दिला, ना मुख्याध्यापकांना. तो त्या मुलाच्या डॉक्टरांवर सोपवला, पालकांच्या संमतीसह. एखाद्या मुलीचा डोस रोज सारखा असेल, पेनवर आकडा फिरवून दाबायचे एवढेच असेल, तर डॉक्टर हो म्हणतील. दुसऱ्या मुलाची साखर दिवसभर वरखाली होत असेल, त्याला बोलताही येत नसेल, तर डॉक्टर नर्सच हवी असे लिहितील, आणि मग शाळेला नर्स शोधावी लागेल. एकच नियम सगळ्यांना लावण्यापेक्षा हे जास्त शहाणपणाचे वाटते.

वाईट बाजूही तितकीच खरी आहे. पैसा नाही म्हणून नर्स नाही, आणि नर्स नाही म्हणून कारकून चालेल, असा युक्तिवाद एकदा मान्य झाला की पुढच्या वर्षी अंदाजपत्रकात नर्सच्या जागा भरायची निकड कोणाला वाटणार? खरे तर नर्सचे काम पेन दाबण्याचे नाहीच. मुलाचे वेळापत्रक बसवायचे, तीन-चार जणांना शिकवायचे, ते बरोबर करतात का हे पंधरवड्यातून एकदा येऊन बघायचे, डॉक्टरांशी बोलायचे, चूक झाली तर तिचा माग काढायचा, हे काम फक्त नर्सच करू शकते. पाच शाळांना मिळून एक नर्स असली तरी हे होऊ शकते. शून्य नर्स असतील तर मात्र प्रशिक्षित कर्मचारी हा नुसता कागदावरचा शब्द राहतो.

कॅलिफोर्निया आठ वर्षे भांडत असताना काही राज्यांनी हा गुंता आधीच सोडवला होता. नॉर्थ कॅरोलायनाने २००२ मध्ये आणि टेक्सासने २००५ मध्ये कायदा करून शाळेतल्या परवाना नसलेल्या कर्मचाऱ्यांना मधुमेहाच्या काळजीचे प्रशिक्षण द्यायची सोय केली. टेक्सासच्या कायद्यात एक फार व्यवहारी बारकावा आहे. मधुमेही विद्यार्थी असलेल्या शाळेत पूर्णवेळ नर्स असेल तर असा किमान एक कर्मचारी हवा, नसेल तर किमान तीन. एक आजारी पडेल, एक सहलीला गेलेला असेल, म्हणून तिसरा.

इंग्लंडमध्ये १ सप्टेंबर २०१४ पासून शाळांवर सरळ कायदेशीर कर्तव्यच आले : आजार असलेल्या मुलांना आधार देण्याची व्यवस्था करायची. ज्या मुलाला गरज असेल त्याचा स्वतंत्र काळजी-आराखडा असावा, असे सोबतची सरकारी मार्गदर्शिका सांगते. औषध देण्याचे काम कोणत्याही कर्मचाऱ्याला विचारता येते, पण सक्ती कोणावरही करता येत नाही. वाचून पटकन वाटते, मग कोणीच तयार झाले नाही तर? उत्तर असे की कर्तव्य शिक्षकाचे नाही, शाळेचे आहे. कोणी तयार नसेल तर शाळेने माणूस नेमावा. त्याच मार्गदर्शिकेत न करण्याच्या गोष्टींची यादी आहे. पालकांना औषध द्यायला शाळेत बोलावणे, किंवा यावेच लागेल असे त्यांना भासवणे, हे त्या यादीत आहे. शाळा मदत करत नाही म्हणून कोणत्याही पालकाला नोकरी सोडावी लागू नये, असे तिथे शब्दांत लिहून ठेवले आहे.

आता आपल्याकडे. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या अंदाजानुसार टाइप वन असलेली वीस वर्षांखालील मुले आणि किशोर जगात सर्वात जास्त भारतात आहेत, सव्वादोन लाखांहून अधिक. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२२ मध्ये या आजारासाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे काढली. केरळ सरकार मिठायी नावाच्या योजनेतून या मुलांना मदत करते. महाराष्ट्रात औरंगाबादची, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची, उडान ही संस्था आणि पुण्या-मुंबईतली काही रुग्णालये वर्षानुवर्षे ही मुले सांभाळत आली आहेत.

शाळांच्या बाबतीत सरकारी कागद थोडे आहेत, पण आहेत. सीबीएसईने २०१७ मध्ये टाइप वन असलेल्या विद्यार्थ्यांना बोर्डाच्या परीक्षेला साखरेच्या गोळ्या, फळे, सँडविचसारखा खाऊ आणि पाण्याची छोटी बाटली आत न्यायला मुभा दिली. मार्च २०२३ मध्ये राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने राज्यांना पत्र लिहिले : डॉक्टरांनी सांगितले असेल तर मुलाला शाळेत साखर तपासू द्या, इन्सुलिन घेऊ द्या, मधल्या वेळी खाऊ द्या, बाईंनी अडवू नये. त्याच वर्षी उत्तर प्रदेशाने त्यावरून आपल्या शाळांना सूचना दिल्या.

पत्र स्वागतार्ह आहे, पण त्यातले क्रियापद नीट वाचावे. सगळीकडे ‘करू द्या’ आहे. मूल स्वतः करेल, शाळेने मध्ये येऊ नये. नववीतल्या मुलाला एवढे पुरते. दहा-बारा वर्षांच्या पुढची बरीच मुले पेन स्वतः हाताळतात, घरच्यांनी आणि डॉक्टरांनी नीट शिकवले असेल तर. पहिलीतल्या मुलीसाठी मात्र ‘करू द्या’ म्हणजे तिची आई. पतीची दुकानदारी, सासूची गुडघेदुखी, आणि दुपारी साडेबाराला शाळेच्या फाटकापाशी पेन घेऊन उभी असलेली आई, हे महाराष्ट्रातल्या शहरांत आणि तालुक्याच्या गावांत नेहमीचे दृश्य. ती नोकरी करत असेल तर सुटते. हा खर्च कोणत्याही सरकारी हिशेबात दिसत नाही. जी आई येऊ शकत नाही, तिच्या मुलाचा दुपारचा डोस चुकतो, किंवा डॉक्टरच नाइलाजाने जुनी दोन इंजेक्शनांची पद्धत लिहून देतात. डीसीसीटीने १९९३ मध्ये जे कमावले, ते मग शाळेच्या वेळापत्रकात हरवते.

कायद्याचा आधारही अमेरिकेसारखा नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत. त्यात थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकल सेल हे रक्ताचे आजार घेतले आहेत, मधुमेह नाही. शाळेत नर्स हे पद महाराष्ट्रातल्या बहुतेक शाळांनी पाहिलेलेच नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते ते वर्षातून एकदा, तपासणीला. म्हणजे कॅलिफोर्नियात ज्या वादात ‘नर्स की कारकून’ असा प्रश्न होता, तो आपल्याकडे ‘बाई की आई’ असा होतो.

बाईंच्या बाजूनेही बोलले पाहिजे. मतदार याद्या, सर्वेक्षणे, ऑनलाइन माहिती भरणे, शालेय पोषण आहाराचा हिशेब, अशा कामांनी शिक्षक आधीच वैतागलेले आहेत. त्यात द्विशिक्षकी शाळेतल्या बाईंना उद्यापासून इंजेक्शनही तुम्हीच द्या, असे सांगितले तर त्या नाही म्हणतील, आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही. काही बरेवाईट झाले तर पहिले बोट त्यांच्याकडेच दाखवले जाणार. त्यामुळे महाराष्ट्रात सुरुवात सुईपासून करणे चुकीचे ठरेल. सुरुवात हायपोपासून करावी. घामाघूम झालेले मूल ओळखणे, मीटरवर आकडा बघणे, साखरपाणी देणे, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघणे, आणि त्याला एकटे घरी न पाठवणे. हे शाळेतल्या प्रत्येक मोठ्या माणसाला यायला हवे, शिपाईकाकांपासून पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंपर्यंत. यात परवान्याचा प्रश्नच येत नाही आणि मुलाचा जीव मुख्यतः यावर अवलंबून असतो.

त्यानंतर पेन. ते द्यायला जो तयार असेल त्याने द्यावे, आणि त्याच्या हातात तीन गोष्टी असाव्यात. एक, डॉक्टरांच्या सहीचा मराठीतला एक पानी आराखडा : किती साखरेला किती युनिट, किती साखर असेल तर द्यायचेच नाही, फोन कोणाला. दोन, पालकांची लेखी संमती आणि मुख्याध्यापकांची सही, म्हणजे बाईंनी लिहिल्याप्रमाणे केले असेल तर नंतर त्यांना जाब विचारला जाणार नाही. तीन, प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या कोणी तरी प्रत्यक्ष दाखवलेले प्रात्यक्षिक. प्रत्येक वेळी नवी सुई, आधी दोन युनिट हवेत सोडून पाहणे, आकडा फिरवणे, दाबल्यावर दहा अंक मोजेपर्यंत सुई न काढणे. कर्बोदकांचे गणित आईने सकाळी घरीच करावे आणि डब्यावर आकडा लिहून चिकटवावा. ज्या दिवशी मूल पोषण आहाराची खिचडी खाईल, त्या दिवशी वाटीचे माप ठरलेले असावे.

औषध ठेवायचे कुठे, हा प्रश्न किरकोळ वाटतो, पण नागपुरात एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि इन्सुलिन उन्हात खराब होते. वापरातले पेन साधारण महिनाभर फ्रिजबाहेर टिकते, पण ते तीस अंशांपर्यंतच्या गारव्यात. फ्रिज नसलेल्या शाळेत पाण्याने ओल्या ठेवलेल्या मडक्यात डबी ठेवली तर बाहेरच्यापेक्षा बराच गारवा मिळतो. विदर्भ-मराठवाड्यातल्या अनेक घरांत हे मडके इन्सुलिनसाठीच वेगळे ठेवलेले असते. शाळेत ते ठेवायला कोणाची परवानगी लागत नाही.

राहिला प्रश्न एकाच माणसावर सगळे अवलंबून राहण्याचा. टेक्सासने तीन माणसे मागितली ती त्यासाठीच. जिल्हा परिषदेच्या शाळांत तर शिक्षकांच्या बदल्या होतात. वर्षभर सराव झालेल्या, मुलीचा चेहरा बघून साखर उतरली हे ओळखणाऱ्या बाई पुढच्या जूनमध्ये दुसऱ्या तालुक्यात असतात. नव्या बाईंना सगळे पहिल्यापासून दाखवायचे काम, शाळा उघडल्याच्या पहिल्याच आठवड्यात, पुन्हा मुलीच्या आईकडेच येते.